सी भाषेतील फंक्शन घोषणा व तिच्यातील चुका (मायक्रोकंट्रोलर)

फंक्शन घोषणा म्हणजे सी या संगणकीय भाषेत एखाद्या फंक्शनचे नाव, ते परत करीत असलेल्या मूल्याचा प्रकार आणि त्याच्या पॅरामीटरांचे प्रकार कंपायलरला आधी कळविणारे विधान होय. पॅरामीटरांच्या प्रकारांसह केलेल्या पूर्ण घोषणेस प्रोटोटाइप असे म्हणतात. घोषणा गाळणे, ती अपुरी लिहिणे किंवा ती मूळ व्याख्येशी न जुळणे या चुका सी भाषेच्या विद्यार्थ्यांकडून वारंवार होतात. मोठ्या संगणकावर अशा चुकीचा परिणाम अनेकदा दिसून येत नाही. मायक्रोकंट्रोलरवर मात्र पूर्णांकाचा आकार लहान असल्यामुळे आणि पॅरामीटर ठराविक रजिस्टरांतून दिले जात असल्यामुळे तीच चूक उपकरणाचे वर्तन पूर्णपणे बिघडवू शकते.

या लेखातील प्रोग्रॅमच्या ओळी वाचनाच्या सोयीसाठी देवनागरीत दिल्या आहेत. प्रत्यक्षात सी भाषेचे राखीव शब्द रोमन लिपीतच लिहावे लागतात.

## घोषणा, व्याख्या आणि कॉल

फंक्शनच्या संदर्भात तीन गोष्टींमध्ये भेद करावा लागतो.

* घोषणा: फंक्शन कसे वापरावयाचे एवढेच सांगते. तिला शरीर नसते व तिचा शेवट अर्धविरामाने होतो. उदा. `व्हॉइड थांबा(अनसाइन्ड लाँग मिली);`
* व्याख्या: फंक्शन प्रत्यक्षात काय करते ते महिरपी कंसांत सांगते. व्याख्या हीसुद्धा एक घोषणाच असते; मात्र तिचा उपयोग फाइलमधील तिच्या पुढच्या ओळींनाच होतो.
* कॉल: फंक्शन वापरणारे विधान. उदा. `थांबा(1000);`

सी कंपायलर फाइल वरून खाली एकदाच वाचतो. म्हणून कॉलच्या ओळीपर्यंत पोहोचण्यापूर्वी घोषणा किंवा व्याख्या यांपैकी एक त्याच्या नजरेस पडलेली असावी लागते. एका प्रोग्रॅममध्ये एकाच फंक्शनच्या घोषणा कितीही असू शकतात, परंतु त्या परस्परांशी जुळणाऱ्या असाव्या लागतात. बाहेरून दिसणाऱ्या फंक्शनची व्याख्या मात्र संपूर्ण प्रोग्रॅममध्ये एकच असावी लागते. घोषणा जुळतात की नाही हे कंपायलर एका वेळी एका फाइलपुरतेच तपासतो. सर्व फाइली एकत्र जोडण्याचे काम लिंकर करतो. सी भाषेत लिंकर फक्त नावे जुळवितो, प्रकार तपासत नाही. घोषणेच्या बहुतेक गंभीर चुकांचे मूळ या कामाच्या वाटणीत आहे.

## इतिहास

सी भाषा डेनिस रिची यांनी 1970च्या दशकाच्या आरंभी अमेरिकेतील बेल लॅब्ज येथे विकसित केली. ब्रायन कर्निगन व डेनिस रिची यांचे या भाषेवरील पुस्तक 1978 साली प्रसिद्ध झाले. त्या काळच्या सी भाषेत घोषणेमध्ये पॅरामीटरांचे प्रकार लिहिण्याची सोय नव्हती. घोषणा न केलेल्या फंक्शनला कॉल केल्यास ते इंट प्रकारचे मूल्य परत करते असे कंपायलर गृहीत धरीत असे. या गृहीतकास अध्याहृत घोषणा म्हणता येईल.

बियार्न स्ट्राउस्ट्रुप यांच्या सी++ भाषेतून प्रोटोटाइपची कल्पना सी भाषेत आली आणि 1989 सालच्या अमेरिकी मानकात तिचा समावेश झाला. जुने प्रोग्रॅम चालू राहावेत म्हणून अध्याहृत घोषणाही त्या मानकात कायम ठेवण्यात आली. 1999च्या मानकाने ती रद्द केली. तरीही जीसीसी हा कंपायलर अनेक वर्षे त्यावर केवळ इशारा देऊन काम पुढे चालू ठेवीत असे. क्लँगच्या 16व्या आवृत्तीपासून (2023) आणि जीसीसीच्या 14व्या आवृत्तीपासून (2024) अध्याहृत घोषणा ही मूलतः त्रुटी मानली जाते.

मायक्रोकंट्रोलरच्या क्षेत्रात मात्र जुने कंपायलर दीर्घकाळ वापरात राहतात. त्यामुळे नव्या संगणकावर थांबविला जाणारा प्रोग्रॅम प्रयोगशाळेतील जुन्या साधनसंचावर निव्वळ इशारा देऊन तयार होऊ शकतो.

## मायक्रोकंट्रोलरवरील परिणाम

कॉल करताना कोणते मूल्य कोणत्या रजिस्टरात ठेवावयाचे याचे प्रत्येक कंपायलरचे नियम ठरलेले असतात. घोषणा नसल्यास कॉल करणारा भाग एका समजुतीने मूल्य ठेवतो आणि फंक्शन दुसऱ्याच समजुतीने ते उचलते.

### पॅरामीटरचा आकार

8 बिटांच्या एव्हीआर मायक्रोकंट्रोलरवर जीसीसी वापरल्यास इंट 16 बिटांचा व लाँग 32 बिटांचा असतो. पहिला पॅरामीटर 16 बिटांचा असल्यास तो 24 व 25 क्रमांकांच्या रजिस्टरांत ठेवला जातो. तो 32 बिटांचा असल्यास 22 ते 25 ही चार रजिस्टरे वापरली जातात व त्यांपैकी 22 व 23 मध्ये मूल्याचा खालचा अर्धा भाग असतो.

पूर्व विदर्भातील एखाद्या मालगुजारी तलावाची पाणीपातळी दर सेकंदाला नोंदविणारे उपकरण उदाहरणादाखल घेऊ. त्यात `थांबा` हे फंक्शन दुसऱ्या फाइलमध्ये आहे, त्याचा पॅरामीटर 32 बिटांचा आहे आणि मुख्य फाइलमध्ये त्याची घोषणा नाही. `थांबा(1000);` या कॉलमध्ये 1000 हा साधा इंट असल्याने तो 24 व 25 या रजिस्टरांत जातो. फंक्शन मात्र तो 32 बिटांच्या संख्येचा वरचा अर्धा भाग समजते. परिणामी 1000 मिलिसेकंदांऐवजी किमान 1000 × 65,536 म्हणजे 6,55,36,000 मिलिसेकंदांचा विलंब होतो. हा काळ 18 तासांहून अधिक आहे. उपकरण चालू आहे, दिवा लागलेला आहे, पण नोंद होत नाही, अशी स्थिती निर्माण होते.

याच प्रोग्रॅममध्ये `थांबा(70000);` असे लिहिल्यास विलंब अचूक होतो. 70,000 ही संख्या 16 बिटांच्या इंटमध्ये मावत नसल्याने कंपायलर तिला आपोआप लाँग मानतो आणि चारही रजिस्टरे भरतो. मोठ्या संख्येला चालणारे व लहान संख्येला बिघडणारे असे फंक्शन दिसल्यास घोषणेची चूक असण्याचा संभव मोठा असतो.

### परत येणारे मूल्य

32 बिटांचे मूल्य परत करणाऱ्या फंक्शनची घोषणा नसल्यास कॉल करणारा भाग त्यातील 16 बिटच वाचतो. ते कोणते, हे कंपायलरवर अवलंबून असते. फंक्शनने 70,000 हे मूल्य परत केले असे मानल्यास पुढीलप्रमाणे फरक पडतो.

* एव्हीआरवरील जीसीसीमध्ये वरचे 16 बिट वाचले जातात व उत्तर 1 येते. 65,536 पेक्षा लहान प्रत्येक मूल्यासाठी उत्तर 0 येते.
* 8051 साठीच्या काइल सी51 कंपायलरमध्ये 32 बिटांचे मूल्य आर4 ते आर7 या रजिस्टरांत येते व इंट आर6 आणि आर7 मधून वाचला जातो. तेथे खालचे 16 बिट मिळतात व उत्तर 4,464 येते. 32,767 पर्यंतची मूल्ये योग्यच दिसत असल्याने ही चूक चाचणीत सुटून जाते.

### अपूर्णांक संख्या

एआरएम कॉर्टेक्स-एम0 या 32 बिटांच्या गाभ्यावर इंट व लाँग सारख्याच आकाराचे असल्याने वरील चूक झाकली जाते. तेथे अडचण येते ती फ्लोट प्रकारात. तापमान 25.0 असे परत करणाऱ्या फंक्शनची घोषणा नसल्यास त्या संख्येचे बिट पूर्णांक म्हणून वाचले जातात आणि उत्तर 1,10,36,26,240 येते. उलटपक्षी, प्रोटोटाइप नसताना फ्लोट मूल्य पाठविल्यास सी भाषेच्या नियमानुसार त्याचे 64 बिटांच्या डबलमध्ये रूपांतर होते. फंक्शन त्याचा खालचा अर्धा भागच उचलते. 25.0 साठी हा भाग शून्य असल्याने फंक्शनला 0.0 मिळते.

## चुकांचे प्रकार व दुरुस्ती

### अध्याहृत घोषणेचा इशारा किंवा त्रुटी

या संदेशाचा अर्थ कॉलच्या ओळीपूर्वी घोषणा दिसली नाही असा आहे. कारणे सामान्यतः पुढीलप्रमाणे असतात.

* व्याख्या कॉलच्या खाली आहे. फाइलच्या आरंभी प्रोटोटाइप लिहावा किंवा व्याख्या वर न्यावी.
* हेडर फाइल जोडलेली नाही. ज्या हेडरमध्ये घोषणा आहे ती इन्क्लूड करावी. एव्हीआर-लिबसी या संचातील मिलिसेकंद विलंबाची सोय विलंबाच्या स्वतंत्र हेडरमध्ये आहे. ती जोडण्यापूर्वी घड्याळाची वारंवारता सांगणारा मॅक्रो लिहिलेला असावा लागतो.
* नावात फरक आहे. सी भाषेत लहान व मोठी रोमन अक्षरे भिन्न मानली जातात.
* घोषणा अटीखाली झाकली गेली आहे. एसटीएम32 मालिकेच्या हाल ग्रंथालयात कोणते विभाग वापरावयाचे ते संरचना हेडरमधील मॅक्रोंनी ठरते. एखाद्या विभागाचा मॅक्रो बंद असल्यास त्याची हेडर जोडली जात नाही व सर्व फंक्शने अघोषित ठरतात.
* दोन हेडरांच्या संरक्षक मॅक्रोचे नाव एकच आहे. जुन्या हेडरची प्रत काढून नवी तयार करताना हे घडते. दुसरी हेडर रिकामी असल्यासारखी वागते.

काइल सी51 मध्ये याच प्रसंगी 206 क्रमांकाचा इशारा येतो. पॅरामीटरांसह कॉल केला असल्यास 267 क्रमांकाची त्रुटीही येते.

### परस्परविरोधी प्रकार

एकाच फंक्शनच्या दोन घोषणा जुळत नसल्यास ही त्रुटी येते. अनेकदा कंपायलर व्याख्येच्या ओळीकडे बोट दाखवितो, परंतु खरा दोष वर असलेल्या घोषणारहित कॉलमध्ये असतो. त्या कॉलमुळे फंक्शन इंट परत करते असे गृहीत धरले गेलेले असते आणि खाली येणारी व्याख्या त्या गृहीतकाच्या विरोधात जाते. म्हणून संदेशासोबत येणारी 'आधीची घोषणा येथे आहे' अशा अर्थाची टीप अवश्य वाचावी.

हेडरमध्ये एक प्रकार व व्याख्येत दुसरा प्रकार असल्यासही ही त्रुटी येते. मात्र त्यासाठी व्याख्या असलेल्या फाइलमध्ये तीच हेडर जोडलेली असावी लागते. तशी ती जोडलेली नसल्यास विसंगती कोणीही पकडत नाही आणि प्रोग्रॅम विनातक्रार तयार होतो.

### व्याख्या न सापडणे

हा संदेश कंपायलरचा नसून लिंकरचा असतो. घोषणा बरोबर असूनही संबंधित सी फाइल प्रकल्पात समाविष्ट नसणे, ग्रंथालय जोडलेले नसणे किंवा व्याख्येला स्टॅटिक लावलेले असणे ही त्याची कारणे होत. प्रोटोटाइप वाढवून ही त्रुटी जात नाही. सी++ फाइलमधून सी भाषेतील फंक्शन वापरताना घोषणा एक्स्टर्न "सी" या चौकटीत नसल्यासही हाच संदेश येतो, कारण सी++ कंपायलर फंक्शनच्या नावात पॅरामीटरांचे प्रकार गुंफतो.

### एकापेक्षा अधिक व्याख्या

हेडर फाइलमध्ये फंक्शनचे शरीर लिहिले व ती हेडर दोन सी फाइलींत जोडली की प्रत्येक फाइलमध्ये स्वतंत्र व्याख्या तयार होते आणि लिंकर त्रुटी दाखवितो. संरक्षक मॅक्रो येथे उपयोगी पडत नाही, कारण तो एका फाइलपुरताच काम करतो. हेडरमध्ये फक्त प्रोटोटाइप ठेवून व्याख्या सी फाइलमध्ये न्यावी. अगदी लहान फंक्शन असल्यास ते स्टॅटिक इनलाइन करावे.

### रिकामा कंस

2023च्या सी मानकापूर्वी `इंट वाचा();` या घोषणेचा अर्थ 'पॅरामीटर नाहीत' असा नसून 'पॅरामीटरांविषयी काही सांगितलेले नाही' असा होता. अशा फंक्शनला कोणतेही मूल्य पाठविले तरी कंपायलर तक्रार करीत नसे. `इंट वाचा(व्हॉइड);` असे लिहिल्यास तपासणी होते. 2023च्या मानकात दोन्हींचा अर्थ एकच झाला असून जीसीसीची 15वी आवृत्ती (2025) मूलतः तेच मानक वापरते. सर्व आवृत्त्यांत सारखाच अर्थ राहावा यासाठी व्हॉइड लिहिणे श्रेयस्कर आहे.

### अर्धविराम विसरणे

हेडरमधील शेवटच्या प्रोटोटाइपनंतर अर्धविराम नसल्यास त्रुटी त्या हेडरनंतर येणाऱ्या ओळीवर, कधी कधी दुसऱ्याच फाइलमध्ये दाखविली जाते. निर्दोष दिसणाऱ्या ओळीवर त्रुटी आल्यास तिच्या वर जोडलेल्या हेडरचा शेवट तपासावा. याउलट, व्याख्येच्या पहिल्या ओळीनंतर चुकून अर्धविराम दिल्यास ती ओळ घोषणा ठरते आणि पुढचा महिरपी कंस निराधार होतो.

## इंटरप्ट फंक्शने

इंटरप्ट आल्यावर चालणाऱ्या फंक्शनला प्रोग्रॅममधून कोणीही कॉल करीत नाही. ते हार्डवेअरकडून चालविले जाते. त्यामुळे त्याच्या घोषणेतील चूक नेहमीच्या तपासणीत सापडत नाही.

* 8051 व एसडीसीसी: इंटरप्ट फंक्शनची व्याख्या वेगळ्या फाइलमध्ये असल्यास त्याचा प्रोटोटाइप मेन फंक्शन असलेल्या फाइलमध्ये दिसणे आवश्यक असते. इंटरप्टांचा तक्ता त्या फाइलवरून तयार होतो. प्रोटोटाइप नसल्यास तक्त्यात नोंद होत नाही.
* एव्हीआर: व्हेक्टरचे नाव चुकल्यास जीसीसी 'नाव चुकलेले दिसते' असा इशारा देतो. प्रत्यक्ष इंटरप्ट आल्यावर, त्यासाठी हँडलर नसल्याने, मायक्रोकंट्रोलर आरंभापासून पुन्हा चालू होतो.
* एआरएम कॉर्टेक्स-एम: प्रारंभ फाइलमध्ये प्रत्येक हँडलरची एक दुर्बल व्याख्या असते. नाव चुकल्यास नवे फंक्शन निव्वळ पडून राहते, दुर्बल व्याख्या कायम राहते आणि इंटरप्ट येताच प्रोग्रॅम अनंत चक्रात अडकतो. बहुधा कोणताही इशारा मिळत नाही. हँडलर सी++ फाइलमध्ये लिहिल्यास एक्स्टर्न "सी" नसल्यानेही हेच घडते.

## आर्डुइनोतून सी भाषेकडे येताना

आर्डुइनोच्या स्केच फाइलीत फंक्शने कोणत्याही क्रमाने लिहिली तरी चालतात, कारण साधनसंच कंपायलरकडे फाइल देण्यापूर्वी आवश्यक प्रोटोटाइप स्वतः तयार करून घालतो. ही सोय स्केच फाइलींपुरतीच आहे. तोच मजकूर साध्या सी किंवा सी++ फाइलमध्ये नेल्यास प्रोटोटाइप हाताने लिहावे लागतात.

## दुरुस्तीचा क्रम

1. संदेशांतील पहिला संदेश आधी सोडवावा. पुढील अनेक संदेश त्याचेच परिणाम असतात.
2. संदेश कंपायलरचा आहे की लिंकरचा हे ओळखावे. कंपायलरचा असल्यास घोषणा, लिंकरचा असल्यास व्याख्या शोधावी.
3. घोषणा, व्याख्या व कॉल या तीन ओळी शेजारी ठेवून नाव, परतीचा प्रकार, पॅरामीटरांची संख्या व प्रकार ताडून पाहावेत.
4. व्याख्या असलेल्या फाइलमध्ये स्वतःची हेडर जोडलेली असल्याची खात्री करावी.
5. संपूर्ण प्रकल्प स्वच्छ करून पुन्हा बांधावा. हेडर बदलूनही जुन्या ऑब्जेक्ट फाइली तशाच राहिल्यास दोष कायम दिसतो.

कॉलच्या वर अंदाजाने प्रोटोटाइप लिहून संदेश घालविणे हा उपाय नव्हे. तसे केल्यास इशारा नाहीसा होतो, पण घोषणा व्याख्येशी जुळत नसल्यास रजिस्टरांतील गोंधळ तसाच राहतो.

## प्रतिबंध

प्रत्येक सी फाइलला एक हेडर असावी व बाहेर वापरल्या जाणाऱ्या फंक्शनांचे प्रोटोटाइप त्या एकाच ठिकाणी असावेत. केवळ एका फाइलपुरत्या फंक्शनांना स्टॅटिक लावावे. इंट व लाँग यांऐवजी 1999च्या मानकातील निश्चित आकाराचे पूर्णांक प्रकार वापरल्यास आकाराविषयीची संदिग्धता कमी होते. मात्र त्यामुळे प्रोटोटाइपची गरज संपत नाही. जीसीसीमध्ये नेहमीचे अनेक इशारे चालू करणारा पर्याय, प्रोटोटाइप नसलेल्या फंक्शनांवर इशारा देणारा पर्याय आणि इशाऱ्यांना त्रुटी मानणारा पर्याय एकत्र वापरावेत. वाहन उद्योगातून पुढे आलेल्या मिस्रा सी या नियमावलीच्या 2012च्या आवृत्तीत फंक्शनची अध्याहृत घोषणा न करण्याचा नियम (17.3) अनिवार्य वर्गात आहे.

दुर्गम भागात बसविल्या जाणाऱ्या उपकरणांसाठी ही दक्षता विशेष महत्त्वाची ठरते. गडचिरोली जिल्ह्यात पर्लकोटा नदीला पूर आला की भामरागडचा संपर्क तुटतो. चंद्रपूर व गडचिरोलीच्या वनक्षेत्रात बसविलेल्या पाऊसमापक किंवा पातळीमापक उपकरणात नवा प्रोग्रॅम भरण्यासाठी माणसाला प्रत्यक्ष तेथे जावे लागत असेल, तर प्रयोगशाळेत दुर्लक्षित राहिलेल्या एका इशाऱ्यामुळे ऐन पावसाळ्यातील नोंदी हातच्या जाऊ शकतात. वॉचडॉग टायमर अडकलेला प्रोग्रॅम पुन्हा सुरू करतो, पण चुकीची घोषणा दुरुस्त करीत नाही. उपकरण पुन्हा त्याच ओळीवर येऊन थांबते.

## शिक्षण

चंद्रपूर येथे 1996 साली शासकीय अभियांत्रिकी महाविद्यालय सुरू झाले. चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांसाठी 2011 साली गडचिरोली येथे गोंडवाना विद्यापीठाची स्थापना झाली. अभियांत्रिकी पदवी व पदविका अभ्यासक्रमांत सी भाषा सामान्यतः आधी संगणकावर व नंतर मायक्रोकंट्रोलरवर शिकविली जाते. संगणकावरील इंट 32 बिटांचा असल्याने तेथे निभावून गेलेली घोषणेची चूक 8051 किंवा एव्हीआरवर प्रथमच उघड होते.

मुंबईच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेच्या 'स्पोकन ट्युटोरियल' प्रकल्पात सी भाषेचे दृक्-श्राव्य पाठ मराठीतही उपलब्ध आहेत. याच संस्थेच्या 'ई-यंत्र' प्रकल्पातील फायरबर्ड 5 या रोबोमध्ये एटीमेगा2560 हा एव्हीआर मायक्रोकंट्रोलर वापरलेला आहे. त्यामुळे वर वर्णिलेले 16 बिटांच्या इंटचे नियम त्यासही लागू होतात.